नियंत्रकाने काय करायचे नाही, तेही आधी लिहून काढा

महोदय,

रत्नागिरी परिसरातील काही तरुण अभियंते, आयटीआयचे निदेशक आणि लघुउद्योजक एकत्र येऊन लहान कारखान्यांसाठी मुक्तस्रोत पीएलसी, म्हणजे यंत्रे ठरलेल्या क्रमाने चालवणारा औद्योगिक नियंत्रक, तयार करीत आहेत. त्यांच्या दोन बैठकांना मी हजर होतो. बर्फाचे कारखाने, काजू प्रक्रिया आणि आंबा कॅनिंगच्या युनिटांसाठी पॅनेल बांधण्याचे काम मी गेली बावीस वर्षे करीत आहे, आणि हा प्रकल्प तडीस जावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणूनच त्याच्या व्याप्तीविषयी वेळीच लिहीत आहे. दुसऱ्या बैठकीच्या अखेरीस फळ्यावरची यादी मोबाइल अ‍ॅप, कॅमेऱ्याने आंब्याची प्रतवारी, सर्व्हो मोटर आणि दूरच्या सर्व्हरवर माहितीची साठवण इथवर पोहोचली होती. वीज जाऊन परत आली तर नियंत्रकाने काय करावे, हा प्रश्न मात्र त्या यादीत कुठेच नव्हता.

गरजेबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. काही वर्षांपूर्वी मासेमारीच्या ऐन हंगामात बंदरालगतच्या एका बर्फ कारखान्यातील पीएलसीची मेमरी गेली. मूळ प्रोग्राम पुरवठादाराकडे, तोही पासवर्ड घालून बंद केलेला, आणि ते मॉडेल बाजारातून केव्हाच गेलेले. बाहेरगावचा इंजिनिअर येईपर्यंतचे पाच दिवस तिथला ऑपरेटर दर अर्ध्या तासाला ब्राइनचे, म्हणजे बर्फ गोठवणाऱ्या खाऱ्या पाण्याचे, तापमान पाहून कंप्रेसर हाताने चालू-बंद करीत होता. प्रोग्राम मालकाच्या कपाटात असता आणि बोर्ड आपल्याच जिल्ह्यात दुरुस्त होणारा असता, तर ते काम एका दुपारचे होते.

पीएलसीचा जन्मच एका आटोपशीर मागणीपत्रातून झाला, हे या मंडळींनी ध्यानात घ्यावे. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेच्या, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचांच्या, पॅनेलांना पर्याय मागितला. तो जागेवरच पुन्हा प्रोग्राम करता यावा, कारखान्याच्या वातावरणात टिकावा आणि त्याची देखभाल सोपी असावी, अशा त्यांच्या अपेक्षा होत्या. डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला मॉडिकॉन ०८४ पुढच्याच वर्षी आला. काय हवे ते नेमके ठाऊक होते, म्हणून काम पुरे झाले.

आपल्याकडच्या बर्फ कारखान्याला किंवा काजूच्या ड्रायरला लागते ते इतकेच: २४ व्होल्टचे १६ इनपुट, ८ रिले आउटपुट, तापमान-दाबासारखी मापे घेणारे ४ ते २० मिलिअँपिअरचे चार अ‍ॅनालॉग इनपुट आणि आरएस-४८५ या तारजोडणीवर मॉडबसचा, म्हणजे यंत्रांनी आपसांत माहिती देण्या-घेण्याच्या प्रोटोकॉलचा, एक पोर्ट. अ‍ॅनालॉगसाठी ४ ते २० चाच आग्रह धरण्याचे कारण आपल्या हवेत आहे. खाऱ्या वाऱ्याने टर्मिनलवरचे तांबे हिरवे पडते आणि एक दिवस तार आतल्या आत तुटते. या पद्धतीत सर्वांत कमी मापही ४ मिलिअँपिअर असल्यामुळे प्रवाह शून्यावर आला की तार तुटल्याचे नियंत्रकाला लगेच कळते. शून्यापासून मोजणाऱ्या पद्धतीत तुटलेली तार आणि खरोखरचे शून्य यांत फरकच करता येत नाही. मॉडबस १९७९ पासून वापरात आहे आणि बाजारातील मोटारीचा वेग बदलणारे बहुतेक ड्राइव्ह व ऊर्जामीटर तो समजतात, त्यामुळे सुरुवातीला दुसरा कोणताही प्रोटोकॉल घेऊ नये. प्रोग्रामसाठीही आयईसी ६११३१-३ या मानकातील लॅडर ही एकच भाषा पुरे, कारण रिलेची आकृती वाचणाऱ्या आमच्या वायरमनला ती पहिल्याच दिवशी उमगते.

खरा कस प्रोग्राममध्ये लागत नाही, तो विजेच्या जोडणीत लागतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने मोठ्या हौसेने केलेला ५ व्होल्टचा बोर्ड मी माझ्या शेडमधल्या पॅनेलवर लावून पाहिला. टेबलावर तो दोन दिवस बिनचूक चालला होता. इथे मात्र मोटारीचा कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला वीज देणारा मोठा स्विच, सुटला की दर वेळी रिसेट होऊ लागला, कारण इनपुटची वायर मोटारीच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून आली होती. आम्ही कॉइलवर विजेचा झटका शोषणारा स्नबर बसवला, वायर वेगळी घेतली, २४ व्होल्ट आणि बाहेरची वायर बोर्डपासून विजेने अलग ठेवणारे ऑप्टोकपलर वापरले, तेव्हा बोर्ड स्थिर झाला. त्या मुलाने प्रोग्रामवर घालवलेले तीन आठवडे आणि ही एक दुपार यांची तुलना मी त्याच्याशी मोकळेपणाने केली, आणि त्यानेही ती मानली. प्रकल्पाचा पहिला पैसा आणि पहिले सहा महिने इनपुट-आउटपुटचे संरक्षण, बोर्डवरचा ओलावारोधक थर आणि वीजपुरवठा यांवरच खर्च व्हावेत.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते-येते, हे वाचकांना सांगायला नको. वीज परतल्यावर सगळे आउटपुट बंदच राहतील आणि ऑपरेटरने बटण दाबल्यावरच आधी कंडेन्सरचा पंप, मग ब्राइनचा अ‍ॅजिटेटर आणि शेवटी कंप्रेसर सुरू होईल, हे व्याप्तीच्या मसुद्यात शब्दशः लिहिलेले असावे. प्रोग्राम अडकला तर वॉचडॉगने, म्हणजे प्रोग्रामवर नजर ठेवणाऱ्या टायमरने, सगळे आउटपुट बंद करावेत, हेही त्यातच यावे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सुरक्षेचा आहे. अमोनियाचा दाब वाढला की कंप्रेसर बंद करणारा हाय-प्रेशर कटआउट, बॉयलरचा कमी पाण्याचा कटआउट आणि आणीबाणीचे बटण या तीन गोष्टी आपल्या नियंत्रकाच्या अखत्यारीत कधीच येऊ नयेत. त्या थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेवर तारेने जोडलेल्या असाव्यात. नियंत्रकाला त्यांची अवस्था फक्त वाचता यावी. सुरक्षेचे काम करणाऱ्या नियंत्रकांसाठी आयईसी ६१५०८ सारखी मानके आहेत आणि त्यांची पडताळणी हा सुटीच्या दिवशी जमून होणारा उद्योग नाही. अमोनियाची गळती म्हणजे काय, हे ज्याने एकदा अनुभवले आहे तो याबाबत तडजोड करणार नाही.

लॅडरचा संपादक आणि तो प्रोग्राम चालवणारी प्रणाली नव्याने लिहिण्याचा विचारही सोडून द्यावा, अशी माझी विनंती आहे. ओपनपीएलसी हा मुक्तस्रोत प्रकल्प ते काम आधीच करतो आणि लहान बोर्डांवरही चालतो. आपण आपल्या हवेला टिकणारा बोर्ड, त्याच्या खुल्या आकृत्या आणि मराठीतील जोडणी-पुस्तिका एवढेच करावे. आकृत्यांसाठी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचा खुला हार्डवेअर परवाना उपलब्ध आहे. अ‍ॅप आणि प्रतवारीचे काम ज्यांना करायचे असेल त्यांनी ते मॉडबसच्या पलीकडे, स्वतंत्र प्रकल्प म्हणून अवश्य करावे.

बोर्डाच्या छपाईची ऑर्डर देण्यापूर्वी हा मसुदा दोन पानांत, मराठीत लिहून मिरकरवाडा, हर्णै आणि मालवण येथील बर्फ कारखान्यांच्या ऑपरेटरांना वाचायला द्यावा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बर्फाची मागणी उतरलेली असते. त्या दोन महिन्यांत चाचणीसाठी माझ्या शेडमधले एक पॅनेल आणि एक जुनी मोटार मी विनामूल्य देईन. मसुदा मे महिन्याच्या मध्यापर्यंत हाती आला, तर जोडणी पावसाआधी पुरी करता येईल.

आपला,
एक पॅनेल बांधणारा वाचक,
मिरजोळे, रत्नागिरी