वस्ताद, तुम्ही फेटा काढलात

आदरणीय वस्ताद,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. त्या रविवारी कोल्हापुरात, खासबागेच्या कुस्ती मैदानात, शेवटच्या जोडीआधी तुम्ही तुमच्या पठ्ठ्याकडे म्हणून उठून गेलात, ते पुन्हा गर्दीत सापडलाच नाहीत. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. तालमीतलं, पेठेतलं कुणीतरी वाचेल आणि तुम्हाला वाचून दाखवेल, एवढ्या आशेवर.

अंध मुलांच्या निवासी शाळेत मी शिकवते आणि तिथंच राहते. चौदा मुलं आणि काठ्यांचा जुडगा सांभाळत पायऱ्यांवर बसलेली बाई म्हटलं, की तुम्हाला आठवेल.

आधी एक सांगायला हवं, नाहीतर तुम्ही काय केलंत ते तुम्हालाच कळणार नाही. गेल्या वर्षी एका गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांना मी याच मुलांना नेलं होतं. तिथले कारभारी मुलांच्या समोरच म्हणाले, ‘‘आंधळ्या पोरांना कुस्तीत काय दिसणार बाई? उगीच जागा अडतीय.’’ आम्हाला पार मागे, उभ्या केलेल्या गाड्यांपाशी बसवलं. दोन तास कर्ण्याचा आवाज आणि धुरळा. शेवटची कुस्ती निकाली झाली, लोक उठून चालायला लागले, तेव्हा आमच्या सहावीतल्या मुलानं मला विचारलं, ‘‘बाई, कुस्ती सुरू झाली का?’’ त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पुन्हा मुलांना कुठे न्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. पण मुलांनी वर्षभर पिच्छा सोडला नाही. त्यांना कोल्हापूरचंच मैदान हवं होतं.

शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं जुनं मैदान पाहिलं, १९०७ मध्ये खासबागेचं काम काढलं आणि १९१२ मध्ये ते पुरं झालं, हे मी मुलांना वर्गात शिकवलं होतं. मैदान बशीसारखं खोलगट आहे, पुढच्याचं डोकं मागच्याला आडवं येत नाही, अगदी शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते, हेही सांगितलं होतं. हे सांगताना दरवेळी माझी जीभ अडखळायची. माझी मुलं त्या शेवटच्या माणसाच्याही पलीकडे बसलेली.

तुम्ही आमच्या शेजारी बसला होतात. हलगी-घुमकं सुरू झालं तशी मुलं सरसावून बसली. मी जमेल तसं सांगत होते, पण मला डावांची नावंच येत नव्हती. ‘‘आता एकानं दुसऱ्याला धरलंय,’’ एवढंच माझं सांगणं. तुम्ही थोडा वेळ ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘‘ताई, तुमी ऱ्हावा. ह्यास्नी मी दावतो.’’

‘सांगतो’ म्हणाला नाहीत, ‘दावतो’ म्हणालात.

एका पोराला पाठवून तुम्ही आखाड्यातली माती मागवलीत आणि चिमूटभर प्रत्येकाच्या तळहातावर ठेवलीत. हळद, ताक, लिंबू, तेल, एकेक वास मुलांनी हुंगून ओळखला आणि तुम्ही हो म्हणत गेलात. सलामीला पैलवान हीच माती एकमेकांच्या अंगाला लावतात, म्हणून मुलांनीही ती एकमेकांच्या खांद्याला लावली. खाली पट निघाला की इथे तुम्ही एखाद्याचा पाय धरून ओढायचात. ढाक लागली की मुलाचा हात बगलेत आवळून दाखवायचात. कलाजंग म्हणजे काय असं एकानं विचारलं, तर मागं बसलेल्या तरण्या पैलवानाला सांगून तुम्ही त्याला सरळ खांद्यावर उचलायला लावलंत. तो वरून ओरडला, तेवढा आनंद मी आमच्या शाळेत कधी ऐकलेला नाही.

आणि मग त्या सहावीतल्या मुलानं विचारलं, ‘‘आजोबा, तुम्ही खरंच पैलवान होता?’’

मी त्याला गप्प करणार होते. तुम्ही मात्र डोक्यावरचा फेटा उतरवून मांडीवर ठेवलात. भर मैदानात, इतक्या ओळखीच्या माणसांसमोर. खाली वाकून त्याची बोटं आपल्या कानावर नेलीत. गाठी आलेला, मोडलेला तो कान. ‘‘बघ नीट. अशी खूण ज्याच्या कानाला, त्यो मातीत लोळलाय म्हणायचं.’’ त्यानं दोन्ही कान चाचपले, पुन्हा चाचपले. मग बाकीची तेरा मुलं एकेक करून आली. तुम्ही प्रत्येकापुढे वाकलात. खाली एक मोठी जोड लागली होती, मैदान उसळत होतं, तुमचं तिकडे लक्षही नव्हतं.

फेटा उतरवणं ही कोल्हापुरात साधी गोष्ट नाही, हे मला कळतं. वस्ताद, त्यासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे.

तुम्ही म्हणालात ते माझ्या डोक्यातून जात नाही. ‘‘एकदा झोंबी लागली की पैलवान डोळ्यानं कुठं बघतुया? समोरच्याचं वजन कुठं गेलं, ते छातीला नि हाताला कळतं.’’ परतताना बसमध्ये मी मुलांना कपिल परमारची गोष्ट सांगितली. मध्य प्रदेशातला हा दृष्टिहीन खेळाडू. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यानं ज्युदोत कांस्य मिळवलं, पॅरालिम्पिक ज्युदोतलं भारताचं पहिलं पदक. तिथे लढत सुरू होतानाच दोघांनी एकमेकांचे अंगरखे पकडलेले असतात. खाशाबा जाधवांचं १९५२ चं ऑलिम्पिक कुस्तीतलं कांस्य मुलांना पाठ होतं. आता दोन्ही नावं एका दमात घेतात.

जत्रेतल्या त्या कारभाऱ्यांवर माझा राग अजून आहे, तो मी लपवत नाही. त्यांना वेगळं काही करायचं नव्हतं, मुलांना फक्त आखाड्याजवळ बसू द्यायचं होतं. आमच्याकडे देणगीचा धनादेश घेऊन फोटो काढायला येणारेही खूप असतात. त्यांचेही आभार मानते, शाळा त्यावर चालते. पण मुलाचा हात हातात घेऊन त्याला काय हवंय ते ऐकणारा माणूस विरळा. तुम्ही एकदाही ‘बिचारी’ म्हणाला नाहीत. उलट एकाला म्हणालात, ‘‘मान बारीक हाय तुझी, दूध पी.’’

त्याच्या मानेला उपाय म्हणून आता वसतिगृहात संध्याकाळी गाद्या अंथरून कुस्त्या होतात. हात धरूनच सुरुवात करायची, असा नियम त्यांनीच केलाय. हलगी म्हणून ताट वाजतं. मी पंच आहे, आणि अजून डावांची नावं चुकते.

त्या सहावीतल्या मुलानं तुमच्यासाठी ब्रेलमध्ये एक पान लिहिलंय. मी वाचून दाखवू का विचारलं तर नको म्हणाला. तुम्ही शाळेत या. तुमचं बोट धरून त्याला ते तुम्हाला स्वतः वाचून दाखवायचं आहे.

आपली,
मुलांची बाई