सही करण्याआधी

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, नेदरलँड्समध्ये सगळ्यांना इंग्रजी येतं, मग कर्जाचे कागद इंग्रजीत करायला माणूस कशाला, असं तुम्ही विचारलंत. फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

इथे घराचं खरेदीखत आणि गहाणखत नोटरीपुढे होतं आणि त्यांची नोंद डच भाषेतच लागते. सही करणाऱ्याला मजकूर कळलाय ना, हे नोटरीला पाहावं लागतं. डच येत नसेल तर दुभाषी बसवतात. पण खरा निर्णय त्याआधीच, बँकेचा प्रस्ताव हातात येतो तेव्हा झालेला असतो. तो प्रस्ताव मी इंग्रजीत करते.

त्यात 'आफ्लोसिंग्सफ्रै' कर्ज असतं. शब्दाला शब्द ठेवला तर 'परतफेडमुक्त', आणि वाचणारा समजतो की मुद्दल द्यायचंच नाही. प्रत्यक्षात दरमहा नुसतं व्याज भरायचं आणि मुदत संपली की सगळं मुद्दल पुढ्यात उभं. म्हणून मी 'इंटरेस्ट-ओन्ली' लिहिते.

गुंतवणुकीशी बांधलेल्या कर्जाला मात्र मी फार जपून हात लावते. हप्त्यातले काही पैसे फंडांत जातात आणि त्यातून शेवटी मुद्दल फिटेल असा अंदाज असतो. अंदाजच, हमी नव्हे. डचमधलं 'अपेक्षित' इंग्रजीत जरा ठाम झालं, तरी एखादं कुटुंब म्हातारपणी येणाऱ्या तुटीची तयारी करायचं राहून जाईल. २०१३ पासून नव्या कर्जाच्या व्याजावर करसवलत हवी असेल तर मुद्दल जास्तीत जास्त ३० वर्षांत हप्त्याहप्त्याने पूर्ण फेडावं लागतं, त्यामुळे अशी नवी कर्जं जवळजवळ थांबली. जुनी अजून चालू आहेत. घटस्फोट झाला किंवा बँक बदलायची ठरली की ते कागद माझ्याकडे येतात.

कर्जाला राष्ट्रीय हमीही मिळते; २०२५ मध्ये ती साधारणपणे ४,५०,००० युरोपर्यंतच्या घराला मिळायची. ही हमी बँकेला असते. घर तोट्यात विकावं लागलं तर कर्जदाराची उरलेली बाकी माफ होऊ शकते, पण अटी पाळल्या असतील तरच. हे वाक्य मी कधीच आटोपशीर करत नाही.

बाबा, दस्त लिहिताना 'लिहून देणार' कोण आणि 'लिहून घेणार' कोण, हे तुम्ही समोरच्याला दोनदा सांगायचात. इथेही गहाण देणारा म्हणजे कर्जदार आणि घेणारी बँक, पण शिकलेली माणसंसुद्धा ते उलट वाचतात.

आता तुमच्या कागदाचं. आमच्या घरासाठी तुम्ही पैसे देणार म्हटल्यावर बँक तुमच्याकडून पत्र मागतेय: ही भेट आहे, उसने नाहीत, परत मागणार नाही. मराठी मजकूर सोबत जोडलाय. आईनेही पूर्ण वाचावा, पैसे दोघांचे आहेत. पुढेमागे दवाखान्याला ते लागतील असं तिला वाटत असेल तर सही करू नका. आम्ही लहान घर बघू.

तुमची,
लेक