आरशाने भागत नाही

प्रिय सुहास,

लेझर शस्त्राच्या माऱ्यापासून ड्रोन कसं वाचवायचं यावरचं तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग दोन दिवस डोकं त्यातच अडकलं. "ड्रोनला चहूबाजूंनी आरसे लावा, लेझर आल्या वाटेने परत जाईल," असं एका ओळीत लिहून तू मोकळा झालास. खरं सांगू? मलाही आधी असंच वाटायचं.

चकचकीत ॲल्युमिनियम नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रकाश परतवतं, कबूल. पण २०१४ मध्ये अमेरिकेने 'पॉन्स' जहाजावर बसवलेला लेझर साधारण ३० किलोवॉटचा होता. तेवढा झोत एकाच ठिकाणी ५ सेकंद टिकला तर दीड लाख ज्यूल झाले. त्यातले दहा टक्केच आत मुरले, तरी कागदावरच्या हिशेबाने १५ ग्रॅम ॲल्युमिनियम वितळतं. पातळ पत्र्याला भोक पडायला एवढं खूप झालं. शिवाय धातू तापत गेला की जास्तच प्रकाश शोषतो, आणि उडताना बसलेली धूळ तर पहिल्या क्षणी जळते. आरसा तिथेच डागाळला! बरं, लखलखतं ड्रोन लांबूनही दिसणार ते वेगळंच.

म्हणजे खेळ सगळा सेकंदांचा. झोत एका जागी ठरू द्यायचा नाही. सतत गिरक्या, वळणं, टेकडीआड खाली उडणं, धुकं किंवा धूर मिळाला तर त्याचा आडोसा. जळून कोळसा होता होता उष्णता घेऊन जाणारा लेपही देता येतो, अवकाशयानं परतताना वापरतात तसा. पण लेपाचं वजन बॅटरीच्या वाट्यातूनच जातं.

थवा मात्र मला पटतो. लेझर एका वेळी एकालाच धरतो. प्रत्येकाला ५ सेकंद धर, २० ड्रोनना १०० सेकंद. तेवढ्यात ताशी १४४ किलोमीटरने येणारं ड्रोन ४ किलोमीटर पुढे आलेलं असतं. उलट बाजूही आहेच म्हणा: ब्रिटनच्या 'ड्रॅगनफायर' या लेझर शस्त्राचा एक मारा सुमारे १० पौंडांत होतो असं तिथलं संरक्षण खातं सांगतं, म्हणजे दारूगोळा संपायची वाट बघण्यात अर्थ नाही.

माझी खरी अडचण कॅमेऱ्याची आहे. अंग वाचवशील, पण पाहायचं तर प्रकाश आत घ्यावाच लागतो, आणि अंग जाळायला लागते त्याहून कितीतरी कमी ताकदीत कॅमेरा दिपतो. ठरावीक तरंगलांबी अडवणारी काच बसवता येते, पण समोरच्याचा लेझर कोणता ते आधी कळायला हवं. तू इतकी वर्षं भिंगं घासतोयस, तूच सांग: दोन-तीन तरंगलांब्या अडवल्या तर चित्राचं किती नुकसान होईल? आकडा दे, नुसतं "बघू" लिहू नकोस.

तुझा,
अविनाश