हळदीनंतर

कराड, मंगळवार रात्र

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. नुसतंच "पोचलो". एरवी पुढे काहीतरी असतं, शेजारच्या सीटवर कोण बसलं होतं, शिरवळला चहा कसा होता. या वेळी काहीच नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर माझा आवाज भरून येतो, मग तू मला हसवायला लागतोस आणि बोलायचं ते राहून जातं.

रविवारी मी सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडले. तसं करायला नको होतं. तेजसच्या हळदीत, मांडवाखाली, सुनंदाताईंच्या माहेरची माणसं बसलेली असताना तर नक्कीच नको होतं. पण ओरडले ते का, हे तुला नीट कळलेलं नाही. तू म्हणालास, "आई, तुला लाज वाटली." तसं नाही रे. मुळीच नाही.

अण्णामामांनी विचारलं, "काय समीरराव, आता तुमचा नंबर कधी?" तू म्हणालास, "मामा, माझ्या लग्नाची बैठक दिल्लीत झाली. पाच न्यायाधीश बसले होते. 17 ऑक्टोबर 2023 ला निकाल लागला, पत्रिका जुळत नाही म्हणाले." पोरं हसली. अण्णामामाही हसले, आणि हसता हसता खाली बघायला लागले. मीसुद्धा हसले, तू पाहिलंस. मला अभिमान वाटला. त्या निकालाच्या दिवशी तू आणि रोहन टीव्हीसमोर सकाळपासून बसला होतात आणि शेवटी न बोलता उठलात, ते मंजूनं मला सांगितलं होतं. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाचा हक्क संसदेवर सोडून कोर्ट मोकळं झालं, त्याचं दुःख तू आपल्या बैठकीच्या भाषेत सांगितलंस, आणि ते त्या बायकांनाही कळलं ज्यांनी आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नाही. हे कौशल्य आहे बाळा. माझी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेली, अवघड गोष्ट सोपी करून सांगायला काय लागतं ते मला माहीत आहे.

पण मग सगळे हसले म्हणून तू थांबला नाहीस. "मी म्हणजे फॉल्टी पीस, आईबाबांची वॉरंटी संपली म्हणून परत देता आलं नाही." आणि तू चालून दाखवलंस, कंबर हलवून, मनगट सोडून. सगळ्यात मोठा हशा त्याला आला. कोण हसत होतं ते मी बघत होते. पहिल्या विनोदाला खाली बघणारे आता मान वर करून हसत होते. पाटलांचा तो धाकटा तर टाळ्या वाजवत होता, आणि त्या टाळ्या कसल्या होत्या ते तुलाही कळलं, मलाही.

तिथे मी ओरडले.

स्टँडवर तू म्हणालास, "आमच्यात असंच बोलतात. हे हसणं नसतं तर आमच्यातले कितीतरी मेले असते." तेव्हापासून तो एक शब्द माझ्या कानातून जात नाही. तुला रात्री झोप लागते का?

तुमच्यात असंच बोलतात हे मला ठाऊक नाही असं नाही. कोथरूडला तुझ्या खोलीवर आठ दिवस राहिले होते मी. तुम्ही मुलगे एकमेकांना "अगं बाई" म्हणता, त्या उंच मुलाला सगळे "मोठ्या जाऊबाई" म्हणतात, पहिले दोन दिवस मला कसंतरी झालं. मग तिसऱ्या रात्री तो लातूरकडचा पोरगा आला. वडिलांनी बॅग रस्त्यावर फेकली ते सांगताना त्याचे ओठ थरथरत होते. आणि जाऊबाई म्हणाली, "बॅग नवी होती की जुनी? नवी असेल तर हुंडा समज." मला वाटलं, आता हा रडणार. तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग दोन भाकऱ्या खाल्ल्या. दिवसभर उपाशी होता. माझ्या शंभर उपदेशांनी त्याला घास गेला नसता. त्या खोलीत प्रत्येकाची बॅग कधी ना कधी बाहेर पडलेली होती, म्हणून ते हसणं त्याला टोचलं नाही. तिथे कोणी वर नव्हतं, कोणी खाली नव्हतं.

मांडवात तसं होतं का? एवढंच विचारतेय मी.

तुला वाटेल आई पुन्हा शाळा भरवून बसली. पण आठवतंय ते लिहिते. मी नऊ वर्षांची असेन, आबांनी जत्रेत तमाशाला नेलं होतं. गौळणीत मावशीचं काम करणारा माणूस उभा राहिला की सगळी जत्रा खूश व्हायची. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींच्या पुढे तो चालायचा, वाट अडवणाऱ्या कृष्णाला तोडीस तोड उत्तरं द्यायचा, पेंद्याची तर बोलतीच बंद. देवालासुद्धा सुनावणारी बाई! मला तो फार आवडला. सकाळी आम्ही घराकडे निघालो तर तोच माणूस नळावर तोंडाचा रंग धूत होता, आणि चार टवाळ त्याला तेच शब्द म्हणत होते जे पुढे तुला शाळेत म्हटले गेले. तोही हसून एक मुरका मारत होता. ते गेल्यावर मात्र तो नळ सुरू ठेवून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. मी आबांचा हात ओढून विचारलं, त्याला काय झालं. आबा म्हणाले, काही नाही, चल. पन्नास वर्षं झाली. रविवारी तू कंबर हलवलीस आणि मला तो नळ दिसला.

आणि माझीही एक चूक आहे, ती आज लिहूनच टाकते. सातवीत स्नेहसंमेलनात तू नाचलास आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं तुला बायल्या म्हणायला लागली. आठवडाभर तू जेवला नाहीस. मग एक दिवस घरी येऊन तू स्वतःचीच नक्कल करून दाखवलीस, ती पोरं करायची त्याहून चांगली. बाबा हसले, काकू हसल्या. मी पण हसले समीर. मला वाटलं, चला, पोरगं सावरलं. तुला त्या दिवशी काय कळलं असेल? की स्वतःला आधी मारलं की घरात सगळे खूश होतात. हे तुला शिकवणाऱ्यांत मी आहे.

11 डिसेंबर 2013. तू बारावीला होतास. दार लावून बसलास, मला वाटलं प्रीलिमचं टेन्शन. सुप्रीम कोर्टानं त्या दिवशी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम पुन्हा जिवंत केलं, दिल्ली हायकोर्टानं 2009 ला दिलेलं काढून घेतलं, हे मला पुढे सहा वर्षांनी तू सांगितलंस तेव्हा कळलं. त्या रात्री तू जेवायला बाहेर आलास आणि केमिस्ट्रीच्या सरांची नक्कल करून आम्हाला पोट धरून हसवलंस. ते कळल्यापासून तुझं हसवणं वाढलं की माझ्या पोटात गोळा येतो. बाकीच्या आयांना मुलगा गप्प बसला की काळजी वाटते. मला तू फार बोललास की वाटते. गेले दोन महिने तू फार बोलतोयस. रोहनचं नाव मात्र निघत नाही. झोप लागते का नीट?

मंजूनं मला मागे हॅना गॅड्सबींचा कार्यक्रम दाखवला होता, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या. तिथे 1997 पर्यंत पुरुषापुरुषांतले संबंध गुन्हा होते. स्वतःवर विनोद करून नाव कमावलेल्या त्यांनी 2018 साली रंगमंचावरच सांगितलं की आता मी हे करणार नाही; जो आधीच कडेला ढकललेला आहे त्यानं स्वतःला आणखी कमी करणं ही नम्रता नव्हे. मला अर्धं इंग्रजी कळलं नाही, मंजू थांबवून थांबवून सांगत होती. पण ते ऐकताना सातवीतला तू दिसत होतास. त्याच वर्षी, 6 सप्टेंबरला, आपल्या कोर्टानं 377 मधून तुमच्यावरचा गुन्हा काढला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी लिहिलं की इतिहासानं या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागायला हवी. कुटुंबांची! मी ते वाचून थांबले. इतिहासानं माझी माफी मागायच्या आधी मला तुझी मागायची होती. ती राहिली होती. सातवीतल्या त्या संध्याकाळबद्दल मला माफ कर.

तू विनोद सोडावास असं मी म्हणत नाही, ते तुझं पोट आणि तुझा श्वास आहे. न्यायाधीशांवर कर, अण्णामामांवर कर, माझ्यावर कर. त्या खोलीत जाऊबाईच्या पुढ्यात स्वतःवर कर, मी दाराआड बसून ऐकेन. फक्त पाटलांच्या धाकट्याला ते आयतं देऊ नकोस. बघ, लागले पुन्हा सांगायला. तीस वर्षांचा आहेस, कुठे काय बोलावं ते तुला माझ्यापेक्षा कळतं. रविवारचंही कदाचित मला कळलं नसेल.

शनिवारी तुझा ओपन माइक आहे ना, मी येतेय. बाबाही येतो म्हणाले, स्वतःहून. तिकीट काढून मागे बसू, तुला अडचण होणार नाही. "फॉल्टी पीस" असेल तर असू दे, मी उठून जाणार नाही. फक्त मी हसणार नाही, ते चालवून घे.

मेतकूट आणि डिंकाचे लाडू आणते. रोहनला लाडू आवडतात, त्याचा वेगळा डबा भरू का ते कळव. भरू नको म्हणालास तरी चालेल, काही विचारणार नाही.

आणि रात्री झोप लागते की नाही, हे खरं खरं लिही. एका ओळीत लिही, पण खरं लिही.

तुझी
आई