नव्या गाडीचं पहिलं ऑइल
प्रिय आई, बाबा,

सा. न.

पहिल्या ऑइल चेंजवरून तुमचं दोघांचं जे चाललंय ते फोनवर निस्तरत नाही, एकाचं ऐकेपर्यंत दुसऱ्याचं मध्येच सुरू होतं, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. बाबा म्हणतात आत्ताच्या आत्ता काढून टाकू, नव्या इंजिनात लोखंडाचा कीस असतो. आई म्हणते गाडी चाललीय कुठे एवढी, अजून वर्ष-दोन वर्षं हात लावायची गरज नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला वेळ लागला तरी चालेल: तुमच्या गाडीसाठी किलोमीटर बघू नका, तारीख बघा, आणि तारीख मॅन्युअलमधल्या कठीण वापराच्या तक्त्यातली धरा, साध्या तक्त्यातली नको. आणि ऑइल बदलतील तेव्हा दोघांपैकी एकाने तिथे उभं राहायचं. आई, तूच राहा.

बाबा, आधी तुमचं. कीस असतो हे अगदी खरंय. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरक्या रेघा ठेवलेल्या असतात, पिस्टनच्या रिंगा त्यावर घासून बसतात आणि त्यात सुरुवातीला थोडा धातू झिजून ऑइलमध्ये येतोच, शिवाय जोडणी करताना लावलेलं वंगण, सीलंटचे कण, हेही असतं. पूर्वीच्या इंजिनांचं मशिनिंग आजच्याइतकं बारीक नव्हतं, म्हणून पहिलं ऑइल लवकर काढायचे आणि ते बरोबरच होतं. आता रेघा खूप नेमक्या पाडतात, बराचसा कीस फिल्टर धरून ठेवतो, आणि कंपनीने पहिल्या बदलाची मुदत हे सगळं धरूनच ठरवलेली असते. काही कंपन्या तर मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहितात की रनिंग-इन होईपर्यंत, म्हणजे नवं इंजिन घासून नीट बसेपर्यंत, फॅक्टरीतलं ऑइल काढू नका. तसं लिहिलं असेल तर विषय संपला, काढायचं नाही. काहीच लिहिलं नसेल आणि तुम्हाला चैनच पडत नसेल तर थोडं लवकर बदला, योग्य ग्रेडचं, म्हणजे कंपनीने सांगितलंय तेवढंच घट्ट-पातळ, घातलं तर इंजिनाचं काही बिघडत नाही. पण त्या रिंगा नीट बसाव्यात म्हणून खरं जे करायचंय ते ऑइलपेक्षा तुमच्या पायात आहे. पहिले १०००-१५०० किलोमीटर (नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो) एकदम पूर्ण अॅक्सिलरेटर दाबायचा नाही, इंजिन फार वरच्या आरपीएमला (मिनिटाला होणारे फेरे) न्यायचं नाही, आणि मोकळा रस्ता मिळाला तरी तासभर एकाच स्पीडला धरून चालवायची नाही, थोडा स्पीड कमी-जास्त होऊ द्यायचा.

अजून एक, पहिली सर्व्हिस झाली म्हणजे ऑइल बदललं असं धरू नका. बऱ्याच कंपन्यांच्या पहिल्या सर्व्हिसमध्ये फक्त तपासणी असते, लेव्हल बघतात, नट-बोल्ट बघतात, गाडी धुऊन परत देतात. लोक वर्षभर समजत राहतात की ऑइल नवीन आहे. जॉब कार्डवर, म्हणजे केलेल्या कामाच्या कागदावर, ऑइल आणि फिल्टर अशा दोन वेगळ्या ओळी दिसल्या तरच बदललं.

आता आई, तुझं. तू म्हणतेस गाडी रोज चार-पाच किलोमीटर जाते आणि येते, मग ऑइल खराब कशाने होणार. आई, त्यानेच होतं गं. हे मला तुला नीट समजावून सांगायचंय कारण आमच्या वर्कशॉपला येणाऱ्या वयस्कर मंडळींपैकी बहुतेकांचा हाच समज असतो आणि त्यांच्याच गाडीतलं ऑइल मी सगळ्यात वाईट अवस्थेत बघते.

पेट्रोल जळलं की त्यातून पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात, आणि थोडंथोडकं नाही, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी. जवळजवळ सगळं सायलेन्सरमधून बाहेर जातं पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाशी ऑइल साठतं तिथे, उतरते. इंजिन थंड असताना कॉम्प्युटर पेट्रोलही थोडं जास्त सोडतो, तेही थोडं तसंच खाली उतरतं, आणि तुमच्यासारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात तर ते जरा जास्तच होतं. गाडी अर्धा-पाऊण तास चालली की ऑइल चांगलं तापतं आणि हे पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जातं. पण चार-पाच किलोमीटरमध्ये ऑइल तापतच नाही. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला तरी तो कूलंटचा असतो, ऑइल त्याच्या मागून कितीतरी उशिरा तापतं. म्हणजे तू पोचलीस, गाडी बंद केलीस, पाणी आणि पेट्रोल आतच राहिलं, परत येताना अजून थोडं भरलं, दुसऱ्या दिवशी अजून थोडं. पेट्रोलने ऑइल पातळ होतं, पाण्याने आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल मारायला ऑइलमध्ये जे घातलेलं असतं ते संपत जातं, गाडी उभी असली तरी.

म्हणून मॅन्युअलमध्ये दोन तक्ते असतात, एक साध्या वापराचा आणि एक कठीण वापराचा. कठीण म्हटलं की आपल्याला डोंगर, ट्रेलर असलं काहीतरी वाटतं, पण त्याच यादीत लहान लहान फेऱ्या, सतत थांबत-थांबत चालणारं ट्रॅफिक, बराच वेळ उभ्याने चालू ठेवलेलं इंजिन आणि धुळीचे रस्ते पण असतात. तुमची गाडी त्यात पहिल्याच ओळीत बसते. आणि दोन्ही तक्त्यांत लिहिलेलं असतं, इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. तुमचे किलोमीटर कधीच आधी होणार नाहीत. महिनेच होतील. आई तुझ्या वहीत आत्ताच ती तारीख लिहून ठेव. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा-पाऊण तास बाहेर काढा, जिथे जायचंय तिथे जा, नुसते फिरून या, पण इंजिन पूर्ण तापू दे.

ग्रेडचं आता. बाबा, घट्ट ऑइल चांगलं हा तुमचा जुना अनुभव आहे पण या गाडीत तो लावू नका, प्लीज. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर ०डब्ल्यू-२०च, ५डब्ल्यू-३० असेल तर तेच. आताच्या इंजिनात बेअरिंगमधल्या फटी, ऑइल पंप, सगळं त्याच ग्रेडवर डिझाइन केलेलं असतं, व्हॉल्व्हचं टायमिंग पुढे-मागे करणारी यंत्रणा ऑइलच्याच प्रेशरवर चालते, आणि टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो तो ऑइलच्या पातळ थरावरच. सकाळी थंड इंजिन चालू केलं की ऑइल वरपर्यंत किती पटकन पोचतं यावर बरंच काही असतं आणि घट्ट ऑइल तिथे उशीर करतं. ग्रेडच्या बरोबर दर्जाचं अक्षर पण बघायचं, पेट्रोलसाठी एपीआय या अमेरिकन संस्थेचा एसपी हा दर्जा २०२० मध्ये आला, त्यात छोट्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला पेट्रोल ठिणगीच्या आधीच पेटण्याचा जो प्रकार होतो त्याच्यापासूनचं संरक्षण पण तपासलेलं असतं, तो प्रकार पिस्टन फोडू शकतो म्हणून मी यावर एवढी अडून बसतेय. मॅन्युअलमध्ये कंपनीचा स्वतःचा वेगळा दर्जा नंबर दिला असेल तर तोच नंबर डब्यावर छापलेला हवा. ऑइलचा ब्रँड कुठला हा प्रश्न या सगळ्यानंतर येतो, आणि खरं सांगू तर फारसा येतच नाही.

आणि उभं का राहायचं ते सांगते. आमच्याकडे दुसरीकडे काम करून आणलेल्या गाड्या येतात ना, त्यात ऑइल वाईट होतं अशा थोड्या, काम घाईत झालेल्या जास्त. ड्रेन प्लग म्हणजे जुनं ऑइल काढायचं खालचं बूच, त्याच्याखालचा वॉशर बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचा असतो, तो दाबला जाऊन सील होतो, जुनाच लावला तर थेंब थेंब गळत राहतं. मग गळतंय म्हणून कोणीतरी पाना घेऊन प्लग अजून आवळतो, अजून आवळतो, चेंबर बऱ्याच गाड्यांत अॅल्युमिनियमचा असतो आणि आटे जातात. मग पूर्ण चेंबर बदला. म्हणून आई तू विचार, वॉशर नवीन आहे का, आणि प्लग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना) आवळणार ना. विचारताना अवघडू नकोस, चांगल्या मेकॅनिकला असं विचारलेलं आवडतं, मला तरी आवडतं.

फिल्टरचं त्याहून नाजूक आहे. डब्यासारखा फिरवून बसणारा फिल्टर असेल तर जुना काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनाला चिकटून तिथेच राहते, लक्ष नाही गेलं आणि त्यावर नवीन फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकावर एक येतात, उभी गाडी चालू केली तर काही दिसत नाही, रस्त्यावर प्रेशर वाढलं की सटकते आणि काही मिनिटांत सगळं ऑइल बाहेर. मी अशी आलेली गाडी बघितलीय, इंजिन जाम झालेलं होतं, आणि गाडी जुनी नव्हती. म्हणून नवीन बसवण्याआधी जुना फिल्टर हातात घेऊन रिंग त्याच्यावरच आहे ना ते बघायचं, तुला दाखवतील. नवीन रिंगेला बोटाने थोडं ताजं ऑइल लावतात आणि फिल्टर हातानेच घट्ट करतात, पान्याने पिळत नाहीत. आत कागदाची पुंगळी असणारा असेल तर त्याच्या झाकणाची रबरी रिंग प्रत्येक वेळी नवीन लागते. फिल्टर कंपनीचाच घ्या, वॉरंटी आहे तोपर्यंत तरी.

ऑइल किती घालायचं हे मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट दिलेलं असतं, छोट्या पेट्रोल इंजिनात साधारण ३ ते ४.५ लिटर. डबे सीलबंद असतील तर तुझ्यासमोर फोडायला सांग, मोठ्या पिंपातून देत असतील तर पिंपावरचं ग्रेड वाच. जास्त घातलं की बरं असं नसतं. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, त्यात बुडून फिरायला लागली की ऑइल घुसळून फेस होतो, फेसाला प्रेशर धरता येत नाही, आणि जास्तीचं ऑइल चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या ब्रीदर पाइपातून इंजिनात ओढलं जाऊन जळतं. म्हणून भरून झाल्यावर एक-दोन मिनिटं चालू करायची, ऑइल प्रेशरचा लाल दिवा काही सेकंदांत विझतोय ना बघायचं, प्लग आणि फिल्टरखाली कोरडं आहे ना बघायचं, मग बंद करून सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, काढून पुसून परत घालून काढायची. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ, पण वर नाही. वर दिसलं तर काढायला लावायचं, "चालतंय काकू" म्हणाले तरी.

इंजिन फ्लश, अॅडिटिव्ह, कुठलीतरी खास बाटली, यातलं काही विचारतील, सरळ नाही म्हणा. नवीन इंजिनात धुण्यासारखं काही साठलेलं नसतं.

बिलावर तारीख, मीटरचं रीडिंग, ऑइलचं ग्रेड आणि दर्जा, किती लिटर, फिल्टरचा पार्ट नंबर हे सगळं लिहून घ्या. नुसतं "इंजिन ऑइल" लिहिलेलं बिल परत द्या आणि नीट करून मागा, पुढे वॉरंटीत इंजिनाचं काही निघालं तर तेच कागद उपयोगी पडतात. डॅशबोर्डवरचा सर्व्हिसचा रिमाइंडर रिसेट करून घ्यायला विसरू नका. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जिथे उभी असते तिथे खाली एकदा बघा, डाग नाही ना, आणि पुढे महिन्यातून एकदा डिपस्टिक. बाबा हे काम तुमचं, तुम्हाला आवडतंही. डिपस्टिकवरची लेव्हल खुणेच्या वर चढत चाललीय असं कधी दिसलं तर खूश होऊ नका, बहुधा ते पेट्रोल मिसळतंय, मला फोन करा.

आणि लाल रंगाचा, किटलीसारखा दिसणारा दिवा चालत्या गाडीत लागला तर घर जवळ आलंय, पुढच्या चौकात थांबू, असं करायचं नाही. बाजूला घ्यायची आणि लगेच बंद करायची. तो दिवा प्रेशर गेल्याचा असतो, त्यानंतर इंजिनाकडे फार वेळ नसतो. ही एक गोष्ट दोघांनीही पाठच करा.

आता असं करा, मॅन्युअलमधलं मेंटेनन्सच्या तक्त्याचं पान आणि ऑइलच्या ग्रेडचं पान, दोन्हीचे फोटो मला पाठवा, मी बघून तारीख सांगते, मग अपॉइंटमेंट घ्या. सकाळची पहिली वेळ मागा, तेव्हा मेकॅनिक घाईत नसतो. आणि गाडी इथून तिथे जाईपर्यंत कोमट होते तेवढी पुरे, कोमट ऑइल छान निथळतं, उकळत्या ऑइलने हात भाजतात.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, रोज सकाळी गाडी दहा मिनिटं जागेवरच चालू करून ठेवता असं आई म्हणाली. ते बंद करा. जागेवर इंजिन हळूहळू तापतं आणि तेवढा वेळ पेट्रोल खाली ऑइलमध्ये जात राहतं. अर्धा-एक मिनिट पुरे, मग हळू निघायचं, पहिले काही किलोमीटर पाय हलका ठेवायचा.