उद्यमनगरातल्या त्या सगळ्यांना

आमची जुनी पिकअप अखेर शाळांच्या पटांगणात उभी राहायला लागली. मागच्या हौद्यात टेबल, खण, दिवे, पडदा, स्पीकर. फिरती प्रयोगशाळाच म्हणा. शाबासकी आम्हा डिप्लोमाच्या पोरांना मिळते, पण खरे मानकरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहेत. आणि लाज वाटते सांगायला, त्यांची नावंही आम्ही धड विचारली नाहीत.

पहिले आभार वायरमनकाकांचे. आम्ही बॅटरीपासून मागपर्यंत बारीक वायर ओढली होती. काकांनी तिला बोट लावायला सांगितलं. "चटका बसतोय न्हवं?" एवढंच. १२० वॅटचा लोड १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतो, हे गणित आम्ही परीक्षेत सोडवलं होतं. हाताला ते त्या दिवशी कळलं. मग जाड वायर आली, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आला आणि मागच्या सामानाला वेगळी बॅटरी. आता दिवसभर दिवे जाळले तरी सेल्फ मारताना गाडी रुसत नाही.

वेल्डरदादांचं ऋण वेगळंच. चौकोनी पाइपची आमची फ्रेम पिळवटली होती, कारण एकाच बाजूनं सलग वेल्डिंग मारलेलं. दादांनी ती कापली, चारी कोपऱ्यांना आधी टाके मारले, मग आलटून पालटून भरत गेले. मजुरी विचारली तर म्हणाले, "चहा सांगा."

रेक्झिनची कात्रणं फुकट देणाऱ्या मावशी, रात्री दहापर्यंत गेट उघडं ठेवणारे वॉचमनमामा, तुमचेही आभार.

गाडी घेऊन लवकरच येतोय. काका, उजवा इंडिकेटर अजून मधूनच भरभर लुकलुकतो. बघाल का?