चलानवरचा फोटो आधी उघडून पाहा

महोदय,

स. न. वि. वि.

थकीत ई-चलानांच्या वसुलीवर सध्या बरंच छापून येतं. त्यात थकवणारा प्रत्येक जण बेफिकीर ठरतो. काहींना मात्र ते चलानच मान्य नसतं आणि ते नाकारायचं कसं, हे ठाऊक नसतं. मग नाक्यावर हुज्जत, घरी आल्यावर चडफड आणि वर्षा-दोन वर्षांनी लोकअदालतीत ‘मिटवून टाका’.

दंड भरणं म्हणजे तडजोड. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली पैसे भरले की त्या गुन्ह्यावर पुढची कारवाई होत नाही, पण आपली हरकतही तिथेच संपते. ‘आधी भरतो, मग तक्रार करतो’ याला अर्थ नाही. लोकअदालतीतही तडजोडच होते आणि तिच्या निवाड्यावर अपील नसतं. चूक केली असेल तर खुशाल भरा. केली नसेल तर भरूही नका आणि गप्पही बसू नका.

अडवल्यावर गाडी बाजूला घ्यावी. गणवेशातल्या पोलिसाने लायसन्स मागितलं तर कलम १३० प्रमाणे दाखवावंच लागतं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत चालते. गॅलरीतला फोटो दाखवून वाद घालू नये. कागद जवळ नसतील तर केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ ते सादर करायला पंधरा दिवस देतो. म्हणून चलानवर कोणतं कलम पडलंय ते तिथल्या तिथे वाचावं. लायसन्स घरी राहिलं, हा १३०/१७७ चा मामला: पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत. लायसन्सच नाही, हा ३/१८१: ५,००० रुपये. मशीनवर चुकीची ओळ निवडली गेली की दंड दहापट. हे पुष्कळदा मुद्दाम होत नाही, घाईत होतं. पण दुरुस्त करून घ्यायचं काम चालकालाच करावं लागतं.

लायसन्स काढून घेतलं तर कलम २०६ प्रमाणे तात्पुरती पोच मिळायला हवी. ती मागावी. गाडीची चावी हिसकावण्याचा अधिकार मात्र या कायद्याने कोणालाच दिलेला नाही. तरीही चावीसाठी हातघाईवर येऊ नये. साध्या चलानाचं ‘सरकारी कामात अडथळा’ व्हायला दोन धक्के पुरतात, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ हे ५०० रुपयांचं प्रकरण नव्हे. वेळ, नेमकी जागा, समोरच्या दुकानाची पाटी, पोलिसाच्या छातीवरचं नाव आणि बक्कल नंबर एवढं टिपून घ्यावं. ‘पावती फाडू की कसं करायचं?’ असा प्रश्न आला तर चलानच मागावं. पैसे मागितल्याची तक्रार १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करता येते. तोडपाणी केलं की सगळ्या तक्रारीचा आधार जातो.

खरं काम घरी आल्यावर. महाट्रॅफिक ॲपवर किंवा राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर चलान उघडावं आणि फोटो मोठा करून पाहावा. सिग्नल तोडल्याचं चलान असेल तर एकाच चौकटीत लाल दिवा, स्टॉप लाइन आणि आपली नंबर प्लेट दिसते का? नुसती झेब्रा पट्ट्यांवर उभी गाडी म्हणजे सिग्नल तोडल्याचा पुरावा नव्हे. हवालदाराने हात दाखवून पुढे काढलं आणि वरच्या कॅमेऱ्याने टिपलं, असंही होतं. कलम ११९ मध्ये सिग्नलइतकाच वाहतूक नियंत्रण करणाऱ्या पोलिसाचा आदेशही बंधनकारक आहे, तेव्हा हा मुद्दा तक्रारीत त्या पोलिसाच्या नावानिशी लिहावा. नो-पार्किंगच्या फोटोत पाटी नसेल तर दुसऱ्याच दिवशी जागेवर जाऊन पाटीचा, किंवा ती नसल्याचा, फोटो काढावा. सम-विषम पार्किंगच्या रस्त्यावर पी-१, पी-२ ची पाटी आणि चलानची तारीख जुळवून बघावी. हेल्मेटच्या चलानात प्लेट स्वच्छ आणि डोकं चौकटीबाहेर, असा फोटो असला तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. हेल्मेटचं चलान निमूटपणे भरण्याआधी हेही लक्षात असू द्या, की कलम १९४-ड मध्ये दंडासोबत तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे.

फोटो कशाने काढला, हा त्याहून मोठा प्रश्न. खासगी मोबाइलवर फोटो काढून सवडीने अपलोड केला की चलानवरची वेळ आणि जागा घटनेशी जुळेनाशी होते. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाच्या अपर पोलीस महासंचालकांनी परिपत्रक काढून या प्रकाराला मनाई केली, ती उगाच नव्हे. कॅमेरे आणि स्पीड गनसाठी ऑगस्ट २०२१ पासून केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ आहे: उपकरणाला दरवर्षी नूतनीकरण होणारं मान्यता प्रमाणपत्र हवं, गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत हवी, सोबत गुन्हा दाखवणारा स्पष्ट फोटो, उपकरणाची नोंद आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या ६५-ब खाली असे. १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली.

ॲपवरच्या तक्रारीत ‘साहेब उद्धट बोलले’ लिहून उपयोग नाही. तीन ओळी पुरतात: ‘चलान क्र. अमुक, दिनांक तमुक. छायाचित्रात सिग्नलचा दिवा दिसत नाही. कलम ११९ खालील आरोपास पुरावा नसल्याने चलान रद्द करावे.’ त्याच दिवशी सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्यावा, कारण जुनं चित्रण पुसलं जातं. मग माहिती अधिकारात दहा रुपये भरून चित्रण, उपकरणाचं प्रमाणपत्र आणि कारवाई करणाऱ्याचा हुद्दा मागावा. उत्तराची मुदत तीस दिवस.

तक्रार फेटाळली गेली तर न्यायालय उरतं. तिथे ‘गुन्हा कबूल?’ या प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हणू नये. नाकबूल केल्यावर आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांवर येते. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ५१४ ने सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे, पण जुनं चलान त्यामुळे आपोआप पुसलं जात नाही. मुद्दा दंडाधिकाऱ्यांपुढे मांडावा लागतो. ५०० रुपयांसाठी तारखा घालवणं सगळ्यांना परवडणारं नाही, हे खरंच. कलम १८१ चा, म्हणजे लायसन्सच नसल्याचा आरोप किंवा लायसन्स जाण्याचा प्रश्न असेल तिथे मात्र जरूर लढावं.

वाहतूक विभागाला दोनच गोष्टी सुचवतो. चलानवर कारवाई करणाऱ्याचं नाव, बक्कल नंबर आणि न कापलेला मूळ फोटो असावा. आणि तक्रार फेटाळताना, फोटोत गुन्हा नेमका कुठे दिसतो, ते एका वाक्यात लिहावं.

आपला,
एक वकील वाचक, पुणे